सत्तेचाळीस वॅटचा रेझिस्टर

"ताई, सत्तेचाळीस वॅटचा रेजिस्टर कुठं भेटंल?"

डिसेंबर महिना, सकाळचे साडेनऊ. चिकलठाणा एमआयडीसीतल्या आमच्या छोट्या युनिटमध्ये मी नुकतीच टेबलाशी येऊन बसले होते. फोनवर नाना होते. गेवराईत त्यांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. पाणबुडी मोटरच्या स्टार्टर पॅनेलमध्ये बसणारा, लाइट आली की मोटर आपोआप चालू करणारा ऑटो स्विचचा बोर्ड आम्ही बनवतो. त्या भागात तो बिघडला की नानांच्या टेबलावर जातो. ओळख चार वर्षांची, पण सगळी फोनवरची.

मी म्हटलं, "नाना, असा रेझिस्टर आपल्या बोर्डावर नाहीच."

"तुमच्याच कागदावर हाय की. आर एक, सत्तेचाळीस डब्ल्यू. बीडला माणूस धाडला व्हता. दुकानदार म्हनला, दहा वॅटचा हाय, ईसचा हाय, सत्तेचाळीसचा निघतच न्हाई. गव्हाचं पहिलं पाणी ऱ्हायलंय ताई त्या माणसाचं. दोन रात्री लाइट येऊन गेली."

गव्हाचं पहिलं पाणी पेरणीनंतर अठरा ते एकवीस दिवसांत द्यावं लागतं. त्या वेळी मुकुटमुळं फुटत असतात, आणि ते पाणी चुकलं की फुटवे कमी येतात. माझं माहेर शेतकऱ्याचं, त्यामुळे हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मी नानांना सांगितलं, "सत्तेचाळीस ओहम, दोन वॅट. वॅट नाही, ओहम." रेझिस्टर विजेला किती अडवतो ते ओहममध्ये मोजतात, किती ताप सोसतो ते वॅटमध्ये. पलीकडे क्षणभर शांतता. मग ते म्हणाले, "असं व्हय. मग हाय की माझ्याकडं," आणि फोन ठेवला. त्या रात्री मोटर चालू झाली.

माझ्या डोक्यातून मात्र ते जाईना. मी ड्रॉइंग उघडलं. सत्तेचाळीसच्या पुढे ओहमसाठीचं ओमेगाचं चिन्ह होतं, स्वच्छ. मी पाठवलेली पीडीएफ उघडली. तिथेही ओमेगाच. मग नानांना डब्ल्यू कुठून दिसला?

हा आर-१ काय करतो ते सांगते, म्हणजे त्याचं नेमकं मूल्य का लागतं ते कळेल. बोर्डाला लागणारं कमी व्होल्टेज आम्ही ट्रान्सफॉर्मर न वापरता कपॅसिटरमधून उतरवतो. लाइट येते त्या क्षणी रिकामा कपॅसिटर जोरात करंट ओढतो. तो झटका आर-१ सोसतो. लाइनवर मोठा दणका आला, वीज कडाडली, तर बाकीचा बोर्ड वाचवून आधी जळायचं काम त्याचंच. म्हणून दुरुस्तीला येणाऱ्या बोर्डांत सगळ्यांत जास्त वेळा बदलावा लागणारा पार्ट हाच असतो. धडधाकट असेल तर त्याच्या अंगावरचे पिवळा, जांभळा, काळा हे पट्टे बघून मिस्त्री क्षणात सत्तेचाळीस ओहम ओळखतो. पण जळाला की पट्टेही काळे पडतात. मग उरतो फक्त कागद.

मी नानांना व्हॉट्सॲपवर त्यांच्याकडच्या कागदाचा फोटो मागितला. खरंच डब्ल्यू होता. आर-१ पुढे डब्ल्यू, आर-४ पुढे डब्ल्यू, आणि कपॅसिटरवर 'शंभर मायक्रोफॅरड'च्या जागी 'शंभर एमएफ'. म्हणजे मायक्रोसाठी लिहितात त्या म्यू या ग्रीक अक्षराचा एम झाला होता. ही दुसरी चूक नानांना अडली नव्हती, कारण जुन्या मोटर कपॅसिटरवर मायक्रोफॅरडसाठी 'एमएफडी' असंच छापलेलं असतं. तिथे त्यांच्या हाताची सवय माझ्या चुकीवर पांघरूण घालून गेली. वॅटच्या बाबतीत मात्र सवयीचा उपयोग नव्हता, कारण रेझिस्टर वॅटमध्येही मोजतात.

ओमेगाचा डब्ल्यू आणि म्यूचा एम ही जोडी बघितल्यावर मला धागा सापडला. सिम्बॉल नावाचा एक फार जुना फॉन्ट आहे. त्यात इंग्रजी अक्षरांच्या जागांवर ग्रीक अक्षरं बसवलेली असतात. डब्ल्यूच्या खणात मोठा ओमेगा, एमच्या खणात म्यू. आमचं त्या वेळचं सर्किट काढायचं सॉफ्टवेअर ओहमचं चिन्ह असंच लिहायचं: खरं अक्षर डब्ल्यू, आणि त्याच्यावर अंगरखा सिम्बॉलचा. माझ्या संगणकावर तो फॉन्ट होता, म्हणून मला ओमेगा दिसायचा. पीडीएफमध्ये मात्र फॉन्ट सोबत भरलेलाच नव्हता. नानांच्या गावच्या झेरॉक्सच्या दुकानातल्या यंत्राने फॉन्ट शोधला, त्याला सापडला नाही, त्याने जवळचा दुसरा वापरला. अंगरखा गळून पडला आणि खालचा डब्ल्यू उघडा पडला.

पीडीएफ म्हणजे कागदाचा फोटो, असं बहुतेकांना वाटतं. मलाही कॉलेजात तसंच वाटायचं. खरं तर ती सूचनांची यादी असते. लेखणी इथे टेकव, तिथपर्यंत रेघ ओढ, या जागी या फॉन्टमधलं हे अक्षर ठेव. मोजमाप एका इंचाचे बहात्तर भाग करून. अडोबीच्या जॉन वॉर्नॉक यांनी १९९१ मध्ये कॅमलॉट या नावाने ही कल्पना मांडली, १९९३ मध्ये पीडीएफ बाजारात आली, आणि २००८ मध्ये ती आंतरराष्ट्रीय मानक झाली. मूळ इच्छा साधी आणि मोठी होती: कागद कुठल्याही पडद्यावर, कुठल्याही प्रिंटरवर सारखाच दिसावा. पण सूचना पाळायला लागणारं सामान पाठवणाऱ्याने सोबत दिलं तरच ते शक्य होतं. आमच्या सॉफ्टवेअरच्या एक्स्पोर्टच्या खिडकीत 'फॉन्ट समाविष्ट करा' अशी एक चौकट होती. ती रिकामी होती. फाइल लहान राहावी म्हणून कधीकाळी कुणीतरी तसं ठेवलं असणार, आणि मी ती कधी उघडून बघितली नव्हती.

ज्यांना हे तपासायचं असेल त्यांच्यासाठी: पीडीएफ वाचकात फाइलच्या गुणधर्मांमध्ये फॉन्टची यादी असते. प्रत्येक नावापुढे तो समाविष्ट आहे की नाही हे लिहिलेलं असतं. एका नावापुढे जरी तसं लिहिलेलं नसलं, तरी ती फाइल दुसऱ्याच्या यंत्राच्या भरवशावर निघाली आहे असं समजावं. मी चौकटीत खूण केली, पुन्हा एक्स्पोर्ट केलं, यादी बघितली, नानांना नवी फाइल पाठवली. मला वाटलं, काम झालं.

तरी जानेवारीतल्या एका रविवारी मी गेवराईची एसटी धरली. त्या दोन रात्रींचं ओझं मनावर होतं, आणि आपण काढलेला कागद जिथे वाचला जातो ती जागा आपण बघितलेलीच नाही हे टोचत होतं. अडूळ गेलं, पाचोड आलं, रस्त्याच्या कडेला मोसंबीच्या बागा लागल्या. पाचोडहून पैठणकडे रस्ता फुटतो. तिकडे बघताना मला एकनाथांची आठवण झाली. ज्ञानेश्वरीच्या प्रती हातांनी उतरत उतरत तीनशे वर्षं गेली होती. लिहिणाऱ्यांच्या हातून पाठ बदलले होते, शब्द घसरले होते. शके १५०६ मध्ये नाथांनी प्रती ताडून पाहिल्या आणि शुद्ध प्रत तयार केली. लहानपणी आजीकडून हे ऐकताना मला ते भक्तीचं काम वाटायचं. त्या दिवशी एसटीत बसून पहिल्यांदा वाटलं की ते किती किचकट, डोळे फोडणारं काम असेल. एक अक्षर दुसऱ्यासारखं दिसतं म्हणून बदललेलं, आणि वाचणाऱ्याला ते चुकलंय हे कळायला दुसरा काहीच मार्ग नाही.

शहागडचा गोदावरीचा पूल ओलांडला आणि थोड्या वेळात गेवराई आली.

नानांचं दुकान म्हणजे दहा बाय बाराची पत्र्याची खोली. एका बाजूला उघडलेल्या मोटरी, तांब्याच्या तारेची रिळं, वार्निशचा वास. दुसऱ्या बाजूला टेबल, त्यावर मीटर, सोल्डर, आणि समोरच्या भिंतीला टेपने चिकटवलेले कागद. नाना साठीच्या पुढचे, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. "या ताई, या. मला वाटलं आवाजावरनं मोठ्या असाल," म्हणाले आणि पोराला चहा सांगायला धाडलं.

भिंतीवर माझे दोन कागद होते. डब्ल्यूवाला जुना आणि मी दुरुस्त करून पाठवलेला नवा. मी नव्याकडे बघितलं आणि माझ्या पोटात कालवलं. ओहमची चिन्हं बरोबर होती. पण तारा नव्हत्या. रिले आपल्या जागी, कपॅसिटर आपल्या जागी, रेझिस्टरचे चौकोन ठळक, आणि त्यांना जोडणाऱ्या रेघांपैकी निम्म्या गायब. काही ठिकाणी रेघेचा नुसता भास उरला होता, पुसलेल्या पाटीवर उरतो तसा. जुन्या कागदावरही तेच झालं होतं. फक्त तिथे गायब झालेल्या प्रत्येक तारेच्या जागी निळ्या बॉलपेनने रेघ ओढलेली होती. पट्टी लावून, कोपरे काटकोनात वळवून, जिथे दोन तारा जुळतात तिथे गोल टिपका देऊन.

"हे कुणी काढलं?"

"म्याच. बोर्ड ट्यूबलाइटसमोर धरला की मागची तांब्याची वाट दिसती. एकेक वाट बघायची, मीटर लावून खात्री करायची, कागदावर वढायची. दोन दिस गेले. पर एकदा केलं की कायमचं झालं."

"मग मला फोन का नाही केला?"

"ह्याच्यासाठी काय फोन करायचा? बोर्ड समोर व्हता की. जळालेल्या रेजिस्टरचं काय ते बोर्ड सांगंना, म्हून तुम्हाला इचारलं."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ज्या रेघा ओढण्यासाठी मला पगार मिळतो, त्या या माणसाने उजेडासमोर डोळे ताणून पुन्हा शोधल्या होत्या, आणि ते आपलंच काम आहे असं त्याला वाटत होतं.

तारा का गेल्या, ते तिथेच लॅपटॉप उघडल्यावर कळलं. आमच्या ड्रॉइंगमध्ये पार्टच्या आकृत्यांना जाडी दिलेली होती, पण तारांची जाडी शून्य होती. सॉफ्टवेअरमध्ये ती मुळापासून तशीच आली होती. शून्य जाडी म्हणजे अदृश्य नव्हे. पीडीएफच्या नियमात शून्य जाडीच्या रेघेचा अर्थ 'त्या यंत्राला काढता येईल ती सगळ्यांत बारीक रेघ' असा आहे. साध्या मॉनिटरवर सगळ्यांत बारीक म्हणजे एक टिपका, सुमारे पाव मिलिमीटर. चांगली दिसते, सुबक वाटते. इंचाला ६०० टिपके मारणाऱ्या लेझर प्रिंटरवर तीच रेघ ०.०४ मिलिमीटरची होते. त्या प्रिंटची झेरॉक्स काढली की संपलं. त्या मानकातच लिहून ठेवलं आहे की अशा रेघांचा परिणाम यंत्रागणिक बदलतो, म्हणून त्या वापरू नयेत. मी वर्षानुवर्षं पडद्यावर बघत होते, आणि पडद्यावर तो दोष दिसणं शक्यच नव्हतं.

भर म्हणून रंग. तारा हिरव्या होत्या. काळ्या-पांढऱ्या प्रिंटरकडे हिरवा रंग नसतो. तो काळ्या ठिपक्यांची जाळी मारून करडा रंग भासवतो. रुंद पट्ट्याला ते चालतं, बारीक रेघेचे मात्र तुकडे होतात. आणि कागद: मी ए-३ वर काढलेलं, दुकानात ए-४ वर बसवून छापलेलं. त्यात सगळं ७१ टक्क्यांवर येतं, म्हणजे सव्वा मिलिमीटरचं अक्षर ०.९ मिलिमीटरचं. नानांचा चष्मा गळ्यात का असतो आणि टेबलावर भिंग का आहे, ते मला तेव्हा समजलं.

मग मी निळ्या रेघा माझ्या ड्रॉइंगशी ताडून बघायला लागले. एकेक तार. सगळ्या बरोबर. फक्त एका ठिकाणी नानांनी नुसती तार न काढता एक डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा पार्ट, काढला होता, रेझिस्टरला समांतर. छापील कागदावर तो नव्हताच. मी म्हटलं, "नाना, हा..." आणि थांबले, कारण तो बोर्डावर खरोखर होता. तो मीच वाढवला होता. लाइट आली की एका डीपीवरच्या, म्हणजे एका ट्रान्सफॉर्मरवरच्या, सगळ्या मोटरी एकदम सुटू नयेत म्हणून बोर्ड काही वेळ थांबून मग मोटर चालू करतो. पहिल्या लॉटमध्ये लाइट नुसती लपकली तर कपॅसिटर पूर्ण रिकामा व्हायचा नाही आणि थांबण्याची वेळ कमी पडायची. म्हणून दुसऱ्या लॉटमध्ये तो झटपट रिकामा करणारा एक डायोड घातला. बोर्ड बदलला, ड्रॉइंग बदललं, आणि पीडीएफ मात्र जुनीच गेली.

हे कसं झालं असेल ते आठवायला मला परतीच्या प्रवासाचीही गरज पडली नाही. जुनी पीडीएफ दुसऱ्या खिडकीत उघडी असणार. विंडोजवर काही वाचक उघडी फाइल धरून ठेवतात, तिच्यावर दुसऱ्या कुणाला लिहू देत नाहीत. एक्स्पोर्टचं बटण दाबलं की सॉफ्टवेअर खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'फाइल लिहिता आली नाही' असं म्हणतं आणि गप्प बसतं. नाव तेच, जागा तीच, आत मजकूर जुना. मी ती उचलून पाठवली. असंच एकदा आमच्या एका मुलाने फोल्डरचं नाव देवनागरीत ठेवलं होतं, तेव्हा त्या जुन्या सॉफ्टवेअरने एक्स्पोर्टच केलं नव्हतं. आपल्या भाषेत फोल्डरचं नाव ठेवता येऊ नये याचा मला तेव्हा राग आला होता, अजूनही येतो.

डिसेंबरात फॉन्टसाठी पुन्हा एक्स्पोर्ट केलं तेव्हा डायोड आपसूक आला होता. पण वर्षभर त्या भागात फिरलेला कागद चुकीचा होता, आणि त्यावरची एकमेव दुरुस्त प्रत या भिंतीवर होती.

दुपार तिथेच गेली. तारांची जाडी पाव मिलिमीटर केली. छापाईला रंग काढून शुद्ध काळा ठेवला. एका ए-३ चे दोन ए-४ केले, आणि एका पानावरून दुसऱ्यावर जाणाऱ्या तारांना दोन्हीकडे तेच नाव दिलं. सगळी पानं एक्स्पोर्ट होतात की फक्त समोरचं, ते बघितलं. चार तारा एकाच बिंदूत जुळत होत्या तिथे सांधा फोडला आणि इंग्रजी टीच्या आकाराचे दोन वेगळे सांधे केले. टिपका पुसला गेला तर चौरस्ता 'नुसत्या एकमेकींवरून गेलेल्या तारा' असा वाचला जातो, टी मात्र टिपक्याशिवायही जोडच वाचला जातो. आणि ओमेगा काढूनच टाकला. आयईसी ६००६२ या मानकात त्याची जुनी सोय आहे: सत्तेचाळीस ओहम म्हणजे '४७ आर', चार पूर्णांक सात किलोओहम म्हणजे '४ के ७'. दशांशचिन्हाच्या जागी अक्षर. झेरॉक्सवर झेरॉक्स काढताना बारीक टिंब उडतं, अक्षर उडत नाही. कॉलेजात ही पद्धत पाठ केली होती. ती कशासाठी आहे हे त्या पत्र्याच्या खोलीत कळलं.

त्यानंतर आम्ही हळूहळू किकॅड या सर्किट काढायच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरवर गेलो. हे मुक्त सॉफ्टवेअर फ्रान्समधल्या ग्रनोब्लच्या जाँ-पिएर शारास यांनी १९९२ मध्ये सुरू केलं, पुढे सर्न या संशोधन संस्थेने त्याला हातभार लावला. त्याचं स्वतःचं अक्षर रेघांनीच काढलेलं असतं, त्यामुळे पीडीएफमध्ये फॉन्ट हरवायचा प्रश्न उरत नाही, आणि मजकूर शोधता यावा म्हणून रेघांखाली न दिसणारी अक्षरंही ते ठेवतं. २०२३ च्या सातव्या आवृत्तीपासून संगणकातले बाकीचे फॉन्टही वापरता येतात. मी आकड्यांना मात्र मूळचंच अक्षर ठेवते.

त्या संध्याकाळी नवी फाइल घेऊन आम्ही कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो. व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवायची, फोटो म्हणून नाही, हे नानांच्या नातवाला मी दोनदा सांगितलं. प्रिंट निघाली. नानांनी चष्मा लावला, आर-१ वर बोट ठेवलं. "हे आर काय?" मी सांगितलं. त्यांनी खिशातलं निळं पेन काढलं आणि खाली देवनागरीत 'ओहम' लिहिलं.

"जुना कागद मी घेऊन जाऊ का?" मी विचारलं.

"तो ऱ्हाऊ द्या. त्याच्या मागं नंबर लिव्हलेत गिऱ्हाइकांचे." मग दुकानातल्या मुलाकडे वळून म्हणाले, "ह्याच्या पाच काढ. एक पाचोडच्या पोराला, एक शहागडला, दोन माजलगावला धाडायच्यात. तिथनं ते म्होरं काढून घेतील."

म्हणजे माझा कागद नानांच्या भिंतीवर थांबत नव्हता. मुलाने पाच प्रती काढल्या. त्यातली एक परत काचेवर ठेवून मी तिची प्रत काढायला सांगितली, मग त्या प्रतीची, मग तिची. चौथ्या प्रतीवर कडेला काळे डाग आले होते. ती उजेडाकडे धरून मी आर-१ पासून बोट फिरवत निघाले: कपॅसिटर, ब्रिज, डायोड, रिले. तार कुठेही तुटली नव्हती.